रोजचा फलक: विनोद, अजब बातमी, दिनविशेष आणि संगणकाची युक्ती – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेचा परिपाठ, सोसायटीचा सूचना फलक, वाचनालयाचं दार, नातेवाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप. अशा ठिकाणी रोज चार ओळी लिहिणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. दिनविशेषाला जास्त जागा दिली आहे, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात आणि त्याच वर्षानुवर्षं उतरवल्या जातात.

१. रोजच्या फलकावर काय आणि किती लिहावं?

एक दिनविशेष, एक अजब बातमी, संगणकाची एक युक्ती आणि शेवटी एक विनोद. फळ्यावर सगळं मिळून ऐंशी ते शंभर शब्द पुरेत. विनोद शेवटी ठेवा. तो वर असला की लोक हसून पुढे जातात आणि खालचं वाचायचं राहतं. चारही गोष्टी रोज मिळाल्याच पाहिजेत असं नाही. बातमीची खात्री पटली नसेल तर त्या दिवशी ती जागा दिनविशेषाला द्या.

२. विनोद वाचून कुणी हसत नाही. काय चुकतं?

बहुतेक वेळा शेवट चुकतो. ज्या शब्दावर हसू येणार, त्याच शब्दावर विनोद संपायला हवा. हा पाहा:

बंड्या: आजी, संगणकात जागा नाही म्हणतोय.
आजी: मग वरची फुलदाणी काढ की!

याच्याखाली 'आजीला वाटलं, संगणकावर ठेवलेल्या वस्तूंमुळे अडचण होतेय' अशी ओळ जोडली की विनोद मेला. सुरुवातीला 'एकदा काय झालं, एका गावात बंड्या नावाचा मुलगा होता' हेही नको, बंड्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. दोन ते चार ओळी, दोन पात्रं आणि बोलण्यातली भाषा एवढंच ठेवा. हास्याचे चेहरे विनोदाच्या आधी टाकू नका. पुढे काय येणार याचा सुगावा त्यांनीच लागतो.

जात, बोली, रंग, जाडी, अपंगत्व यांवरचे विनोद सार्वजनिक फलकावर नकोत. बायकोवरचे विनोद लोक ढीगभर पाठवतात, पण तोच फलक तिची मुलगीही वाचते. माणसाच्या गोंधळावर, यंत्रावर, सवयीवर विनोद करा, विषय कधी संपत नाहीत.

३. पुण्यतिथीच्या दिवशी विनोद लिहावा का?

६ डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन, २६ नोव्हेंबरचा मुंबई हल्ल्याचा स्मृतिदिन अशा दिवशी विनोदाची जागा रिकामी ठेवा किंवा तिथे एखादं कोडं द्या. बाकीच्या पुण्यतिथींना विनोद चालतो, फक्त तो त्या नोंदीला चिकटून नको. १ ऑगस्टला विशेष काळजी घ्या. १९२० साली याच तारखेला लोकमान्य टिळकांचं निधन झालं आणि अण्णा भाऊ साठे यांचा जन्म झाला. एकाला अभिवादन, दुसऱ्याच्या जयंतीचा आनंद. दोन्हींना मिळून 'हार्दिक शुभेच्छा' अशी एकच ओळ लिहू नका.

४. अजब बातमी खरी आहे हे पाच मिनिटांत कसं तपासायचं?

आधी मजकुरात गाव, तारीख आणि कुणाचा तरी अधिकृत उल्लेख शोधा. 'नुकतंच', 'एका शास्त्रज्ञाने', 'परदेशात' एवढंच असेल तर तिथेच थांबा. मग बातमीतले तीन-चार नेमके शब्द अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा. तीच वाक्यं चार वर्षांपूर्वीही फिरत असतील तर बातमी शिळी किंवा खोटी. शेवटी फोटो: गूगल लेन्समध्ये टाकला की तो आधी कुठे कुठे छापला गेला ते दिसतं. फोटो खरा, पण गाव आणि वर्ष भलतंच, हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. केंद्र सरकारच्या नावाने फिरणारी योजना असेल तर पीआयबी फॅक्ट चेकच्या (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचा खोट्या बातम्या तपासणारा विभाग) नोंदी पाहा. नेहमी परत येणाऱ्या खोट्या बातम्यांसाठी पुढचा प्रश्न पाहा.

५. दरवर्षी परत येणाऱ्या खोट्या बातम्या कोणत्या?

या पाच तोंडपाठ ठेवा.

'२७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसेल.' २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ खरोखर पृथ्वीच्या फार जवळ, सुमारे ५.५८ कोटी किलोमीटरवर आला होता. मूळ निरोपात लिहिलं होतं की ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. दुर्बीण गळून पडली, उरलेलं वाक्य अजून फिरतंय. त्या रात्रीसुद्धा मंगळाची तबकडी चंद्राच्या साधारण सत्तराव्या भागाएवढीच होती.

'या महिन्यात पाच शुक्रवार, पाच शनिवार, पाच रविवार. असा योग ८२३ वर्षांनी.' ३१ दिवसांचा कुठलाही महिना शुक्रवारी सुरू झाला की हे होतंच. ऑगस्ट २०२५, मे २०२६, जानेवारी २०२७ हे तिन्ही तसेच. ही बातमी खोडण्यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

'युनेस्कोने जन गण मन जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं.' युनेस्को राष्ट्रगीतांना क्रमांक देत नाही.

'दिवाळीच्या रात्रीचा नासाचा फोटो.' रंगीबेरंगी भारताचं ते चित्र एका रात्रीचं नाही. अनेक वर्षांतले रात्रीचे दिवे कसे वाढत गेले, ते वेगवेगळ्या रंगांत दाखवून ते तयार केलेलं आहे. दिवाळीची जादा रोषणाई अवकाशातून जेमतेम जाणवते.

'एटीएमचा पिन उलटा टाकला की पोलीस येतात.' अशी सोय नाही. ज्याचा पिन १२२१ आहे, त्याने काय करायचं? उलटा पिन हा यंत्राच्या दृष्टीने फक्त चुकीचा पिन असतो, आणि तीन चुकांनंतर कार्ड अडकण्याची शक्यता वाढते. ही 'बातमी' संकटातल्या माणसाला फसवते, म्हणून ती खोडणं जास्त गरजेचं.

६. मग खरी अजब बातमी मिळते तरी कुठे?

आपल्या जवळपासच. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचं गुलाबी रंगद्रव्य त्याला कारणीभूत असल्याचं दिसलं. पाणी आटून खारटपणा वाढला की हे जीव फोफावतात. उल्का आदळून बेसॉल्ट खडकात तयार झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. शनी शिंगणापुरात घरांना दारं नसण्याची परंपरा आहे आणि २०११ साली तिथे एका राष्ट्रीयीकृत बँकेची कुलूप नसलेली शाखा उघडली. बातमी अजब असली तरी तिच्यामागचं कारण एका ओळीत द्या. गुलाबी पाणी चार दिवसांत विसरलं जातं, कारण लक्षात राहतं.

युनेस्कोचं नाव फलकावर हवंच असेल तर खरी नोंद आहे: जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी.

७. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर जसाच्या तसा पुढे पाठवला तर काय बिघडतं?

पाच किंवा जास्त हातांतून आलेल्या मजकुरावर दुहेरी बाण दिसतो आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. दुहेरी बाण म्हणजे मजकूर खोटा असं नव्हे, पण तो कुणीतरी तपासला असण्याची शक्यता कमी. तपासून स्वतःच्या शब्दांत लिहा, मजकूरही आटोपशीर होतो. शीर्षक ठळक करायचं तर दोन्ही बाजूंना तारका द्या. तारका आणि अक्षर यांच्यात मोकळी जागा राहिली तर ठळक होत नाही.

चित्रावर अक्षरं लिहून पाठवण्यापेक्षा साधा मजकूर बरा. दृष्टी अधू असलेल्यांना फोन तो मोठ्याने वाचून दाखवतो आणि नंतर शोधताही येतो.

८. दिनविशेषाची तारीख कुठून घ्यावी?

दोन स्वतंत्र ठिकाणी जुळली तरच घ्या, आणि ती ठिकाणं एकमेकांची नक्कल नसावीत. मराठी विश्वकोश, शासनाचं जयंती-पुण्यतिथीचं परिपत्रक, त्या व्यक्तीचं चरित्र, त्या काळचं वृत्तपत्र हे चांगले आधार. संकेतस्थळांवरच्या दिनविशेष याद्या बहुधा एकीवरून दुसरी उतरवलेल्या असतात.

६ जानेवारी हा नेहमीचा घोटाळा. १८३२ साली या दिवशी 'दर्पण'चा पहिला अंक निघाला, म्हणून तो पत्रकार दिन. संपादक बाळशास्त्री जांभेकर यांची जन्मतारीख म्हणून मात्र ६ जानेवारी आणि २० फेब्रुवारी १८१२ अशा दोन तारखा छापल्या जातात. फलकावर 'दर्पण'ची नोंद घ्या, ती निर्विवाद आहे.

९. 'भारतातला पहिला', 'जगातला पहिला' असं लिहिताना काय पाहावं?

पहिला नेमका कशातला, हे शब्द गाळू नका. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे घेऊन गाडी ३४ किलोमीटर धावली. ती पहिली 'प्रवासी' रेल्वे. दगड वाहून नेण्यासाठी मद्रासजवळ रेड हिल्सचा रेल्वेमार्ग १८३७ सालीच सुरू झाला होता.

चित्रपटाचंही तसंच. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन थिएटरमध्ये लोकांसाठी लागला, पण निमंत्रितांसाठीचा खेळ २१ एप्रिलला झाला होता. त्यामुळे दोन तारखा दिसतात आणि दोन्ही बरोबर आहेत. दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' त्याही आधी, १८ मे १९१२ ला आला. तो रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होता, म्हणून फाळक्यांच्या चित्रपटाला 'पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथापट' म्हणतात. एवढा एक शब्द जास्त लिहिला की वाद उरत नाही.

१०. शिवजयंती १९ फेब्रुवारीला की तिथीने? फलकावर काय लिहू?

दोन्ही एकाच दिवसाची नावं आहेत. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या जुन्या तारीखवार नोंदींत, नोंद आहे ती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, शिवनेरी. त्याची इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३० आणि राज्य शासन तोच दिवस साजरा करतं. तिथी पाळणारे दरवर्षी फाल्गुन वद्य तृतीयेला साजरी करतात. पूर्वी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ (६ एप्रिल १६२७) ही तिथी मानली जात असे, जुन्या पुस्तकांत ती सापडते. शासकीय शाळेच्या फलकावर १९ फेब्रुवारी लिहा आणि कंसात तिथी व शक द्या. म्हणजे दोन्ही बाजूंच्या वाचकांना हवं ते मिळतं.

११. काही जण म्हणतात, छत्रपती शिवाजी महाराजांची खरी जन्मतारीख १ मार्च १६३० आहे. हे काय?

त्यांचा हिशेब बरोबर आहे. १९ फेब्रुवारी ही ज्युलियन, म्हणजे युरोपातल्या जुन्या पंचांगातली तारीख आहे. आज आपण ग्रेगोरियन पंचांग वापरतो आणि त्यात तोच दिवस १ मार्च येतो. सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचं अंतर होतं. त्याच नियमाने ६ जून १६७४ चा राज्याभिषेक ग्रेगोरियनमध्ये १६ जूनला येतो.

कॅथलिक देशांत ४ ऑक्टोबर १५८२ नंतर थेट १५ ऑक्टोबर आला. पोर्तुगालही त्यांतला. इंग्लंडने हा बदल १७५२ साली केला, २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर. म्हणून महाराजांच्या काळातली एकच घटना गोव्याच्या पोर्तुगीज कागदात एका तारखेला आणि सुरतेच्या इंग्रज वखारीच्या पत्रात दहा दिवस आधीच्या तारखेला सापडते. शिवाय इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे त्यांच्या जानेवारी-फेब्रुवारीच्या पत्रांवर वर्ष एकाने मागे दिसतं.

खात्री वाराने करता येते. १ मार्च १६३० (ग्रेगोरियन) हा शुक्रवार येतो, शकावलीतला वारही शुक्रवारच. संगणकावर १९ फेब्रुवारी १६३० चा वार काढला तर मंगळवार दाखवेल, कारण तो ती तारीख ग्रेगोरियन समजतो. तेव्हा फलकावर रूढ तारीखच ठेवा, पण वार संगणकावरून घेऊ नका.

'गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला' ही लाडकी नोंदही याच घोळातून आली आहे. गॅलिलिओचं निधन ८ जानेवारी १६४२, ग्रेगोरियन. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२, ज्युलियन. तो ग्रेगोरियनमध्ये ४ जानेवारी १६४३ येतो. एकाच मापाने मोजलं तर वर्ष वेगळं.

१२. शके, फसली, सुहूर यांवरून इसवी सन कसा काढायचा?

शकात ७८ मिळवा. १ जानेवारी ते फाल्गुन अमावास्या या काळासाठी ७९. म्हणून फाल्गुन शके १५५१ म्हणजे १६३०, पण ज्येष्ठ शके १५९६ म्हणजे १६७४. फसली आणि सुहूर ही जुन्या दप्तरांतल्या कागदांवर आढळणारी वर्षं. दख्खनी फसलीत ५९० आणि सुहूर सनात ५९९ मिळवा. दोन्हींत जानेवारीपासून वर्ष पालटेपर्यंत एक जास्त. ही दोन्ही वर्षं पावसाळ्याच्या तोंडाला पालटतात. शासनाचं भारतीय सौर पंचांग २२ मार्च १९५७ पासून सुरू झालं. त्यातला चैत्र आणि आपल्या गुढीपाडव्याचा चैत्र वेगळे, सरमिसळ करू नका.

१३. हिंदी संकेतस्थळावर तिथीचा महिना वेगळा दिसतो. त्यांचं चुकलं का?

नाही. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात महिन्याचं नाव दोन्हीकडे सारखं, वद्य पक्षात त्यांचं नाव एक महिना पुढे. आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला, त्यांच्याकडे तोच दिवस फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. आपली गोकुळाष्टमी श्रावणातली, त्यांची भाद्रपदातली. हिंदीतून मजकूर घेताना 'कृष्ण पक्ष' दिसला की महिना एक मागे घ्या.

१४. पानिपतची लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली, असं लिहू का?

लिहू नका. लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली, पण त्या वर्षी संक्रांत १० जानेवारीच्या आसपास होती. सूर्याचा मकर राशीतला प्रवेश इंग्रजी तारखेच्या हिशेबात हळूहळू पुढे सरकतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि तो मकर संक्रांतीचा दिवस होता, यावरूनच सरकणं लक्षात येतं. 'पानिपतावर मराठ्यांवर संक्रांत आली' हा वाक्प्रचार म्हणून ठीक, दिनविशेष म्हणून चूक. तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. ही तारीख ग्रेगोरियनच आहे, दहा-अकरा दिवस मिळवायचे नाहीत (प्रश्न ११ पाहा).

१५. माणूस चंद्रावर २० जुलैला उतरला की २१ ला?

यान उतरलं तेव्हा ग्रिनिच वेळेनुसार २० जुलै १९६९, रात्रीचे ८.१७ झाले होते. भारतात तेव्हा २१ जुलैच्या पहाटेचे १.४७. जगभर २० जुलै रूढ आहे, तीच ठेवा. 'भारतीय वेळेनुसार' असं लिहिणार असाल तर २१.

१६. २९ फेब्रुवारीचा दिनविशेष इतर वर्षी कधी द्यायचा?

मोरारजी देसाई यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. साध्या वर्षी २८ फेब्रुवारीच्या फलकावर घ्या आणि मूळ तारीख स्पष्ट लिहा.

१७. दिनविशेषांची यादी एक्सेलमध्ये केली, पण जुन्या तारखा नीट लागत नाहीत.

एक्सेलचं कॅलेंडर १ जानेवारी १९०० ला सुरू होतं. त्याआधीची तारीख त्याला साधा मजकूर वाटते, म्हणून क्रमवारी बिघडते. उपाय: तारीख एका रकान्यात लिहूच नका. महिना, दिवस, वर्ष असे तीन रकाने करा आणि तिन्हींत इंग्रजी अंक टाका. मग डेटा > सॉर्टमध्ये आधी महिना, मग दिवस, मग वर्ष अशी क्रमवारी द्या. आजच्या नोंदी हव्या असतील तर महिना आणि दिवस या दोन रकान्यांवर फिल्टर लावा. चौथ्या रकान्यात तिथी-शक, पाचव्यात आधार. आधाराचा रकाना सोडू नका, वाद झाला की तोच कामाला येतो.

एक्सेल १९०० हे लीप वर्ष मानतं आणि अस्तित्वात नसलेली २९ फेब्रुवारी १९०० दाखवतं. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅमशी जुळावं म्हणून ती चूक मुद्दाम ठेवली आहे. हीच एखाद्या दिवशी अजब बातमी म्हणून छान चालेल.

१८. मराठी कसं टाइप करायचं? 'दऱ्या' लिहिलं की 'दर्या' होतं.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज > टाइम अँड लँग्वेज > लँग्वेज अँड रीजन इथे मराठी जोडा. मग मराठीपुढच्या तीन टिंबांवरून लँग्वेज ऑप्शन्समध्ये जाऊन मराठी फोनेटिक कळफलक घ्या. भाषा बदलायला विंडोज + स्पेसबार.

डोंगरातली 'दऱ्या' लिहायला साधा र चालत नाही. इनस्क्रिप्ट या मराठीच्या दुसऱ्या कळफलकावर शिफ्ट + जे, मग डी, मग तिरकी रेघ, की 'ऱ्य' येतो. फोनवर सुचवलेल्या शब्दांतून निवडा. जुन्या मजकुरात हेच अक्षर र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी बनवलेलं असतं. दिसायला सारखं, पण संगणकाला वेगळं. त्यामुळे 'शोधा' म्हटलं तर अर्धे शब्द सापडत नाहीत. संपूर्ण फाइलमध्ये एकाच्या जागी दुसरं बदलून घ्या.

१९. जुन्या फाइलमधला मराठी मजकूर चिकटवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी का दिसते?

कारण तो युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत, नाही. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. फाँट काढला की मूळ इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. आधी मूळ फाइलमध्ये फाँटचं नेमकं नाव पाहा, मग त्याच फाँटसाठीचा परिवर्तक वापरा. बदलल्यावर पहिली वेलांटी, रफार, श-ष, अंक आणि अवतरणचिन्हं डोळ्यांखालून घाला. घोटाळा बहुधा तिथेच होतो.

२०. फलकावर देता येतील अशा, हमखास चालणाऱ्या युक्त्या कोणत्या?

विंडोज + व्ही: कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी दिसतात. पहिल्यांदा 'टर्न ऑन' दाबावं लागतं. नेहमी लागणारं पिन करून ठेवा, बाकीचं संगणक पुन्हा सुरू केला की जातं. कॉपी केलेले पासवर्डही तिथे दिसतात, म्हणून सामाईक संगणकावर ही सोय बंद ठेवा.

कंट्रोल + शिफ्ट + टी: चुकून बंद झालेलं ब्राउझरचं पान परत येतं. खासगी खिडकीतलं मात्र येत नाही.

विंडोज + शिफ्ट + एस: पडद्याचा हवा तेवढाच भाग टिपता येतो.

'संगणक बंद करून चालू केला तरी अडकतोच' या तक्रारीवर: शट डाउन नव्हे, रीस्टार्ट करा. विंडोजमधल्या फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउन करताना प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि तोच पुन्हा उचलला जातो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. शिफ्ट दाबून शट डाउन केलं तरी पूर्ण बंद होतो.

२१. 'ही फाइल लगेच काढून टाका, व्हायरस आहे' अशी युक्ती आली तर?

फलकावर घेऊ नका, स्वतःही करू नका. २००२ च्या सुमारास अस्वलाचं चित्र असलेली एक फाइल काढून टाका, असा इमेल जगभर फिरला. ती विंडोजचीच फाइल होती. भित्र्या लोकांनी स्वतःच्या हाताने ती पुसली. नियम सरळ ठेवा: काहीतरी पुसायला, रजिस्ट्री (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जचा साठा) बदलायला किंवा अनोळखी ॲप घ्यायला सांगणारी युक्ती वगळायची. शिफ्ट + डिलीट शिकवायचं असेल तर फाइल रीसायकल बिनमध्ये जात नाही, हे त्याच ओळीत लिहा.

२२. चूक फलकावर गेली. आता?

फळ्यावरची लगेच पुसा आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत दुरुस्ती लिहा: काल काय लिहिलं होतं, बरोबर काय, आधार कोणता. व्हॉट्सॲपवर पाठवल्यापासून १५ मिनिटांत मजकूर सुधारता येतो. त्यानंतर साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी पुसता येतो, पण कुणी तो पुढे पाठवला असेल तर ती प्रत तशीच राहते. म्हणून नुसतं पुसून थांबू नका, दुरुस्ती स्वतंत्रपणे पाठवा आणि एक्सेलच्या यादीतली नोंदही त्याच वेळी बदला. नाहीतर पुढच्या वर्षी त्याच तारखेला तीच चूक परत येईल.